कॉम्प्युटर चालू होण्याआधीचे नियम कोण ठरवतं? (यूईएफआय, सिक्युअर बूट आणि शाळेचे जुने पीसी)

निवांत_सदाशिव (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि पुण्यातल्या ऑफिसांमधून ठणठणीत डेस्कटॉप भंगारात निघायला लागले. आमचा मित्रांचा एक गट असे पीसी उचलतो, साफ करतो, लिनक्स टाकतो आणि मुळशी-मावळातल्या शाळांना देतो. सध्याच्या लॉटमधले बहुतेक २०१४ ते २०१६ च्या सुमाराचे आहेत.

हे करताना यूईएफआयवरून गटात जुंपली. (बटण दाबल्यापासून विंडोज किंवा लिनक्स सुरू होईपर्यंत बोर्डवरचा प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, कसा वागेल त्याचं हे मानक.) एक म्हणतो, "यूईएफआय हा मायक्रोसॉफ्टने लिनक्सच्या गळ्यात अडकवलेला फास आहे." दुसरा म्हणतो, "छे, ती आयएसआयसारखी सरकारी मानक संस्था आहे." माझ्या मते दोघांचंही अर्धंमुर्धं, म्हणून इथे सविस्तर लिहितो. जाणकारांनी खोडून काढावं.

आधी बायोसबद्दल, म्हणजे यूईएफआयच्या आधीच्या फर्मवेअरबद्दल, कारण बरेच जण "जुनं बायोस किती साधं होतं" म्हणून उसासे टाकतात. साधं होतं, पण ते मानक कधीच नव्हतं. १९८१ साली आयबीएमने पीसी काढला आणि बायोसचा सगळा कोड टेक्निकल रेफरन्स मॅन्युअलमध्ये छापून टाकला. वाचा खुशाल, पण उतरवलात तर कॉपीराइट आहे. कॉम्पॅकने त्यावर तोडगा काढला. कोड वाचून तो काय काम करतो एवढंच लिहून देणारी माणसं वेगळी, आणि तो कोड कधीही न पाहता त्या वर्णनावरून नवा लिहिणारी वेगळी. १९८४ मध्ये फीनिक्सने याच पद्धतीने लिहिलेलं बायोस कोणालाही विकायला काढलं आणि क्लोन पीसींचा पूर आला. पुढची वीसएक वर्षं जगभरचे पीसी चालू होत होते ते "आयबीएमने तसं केलं होतं" एवढ्याच आधारावर. बायोसचा कुठला इंटरप्ट (बायोसला हाक मारायचा क्रमांक) काय परत देतो हे पाठ असणारे लोक होते, पण सगळ्यांनी मान्य केलेला कागद नव्हता.

त्यात मर्यादा किती! प्रोसेसर ६४ बिटचा असला तरी बायोस १६ बिटच्या मोडमध्ये, एक मेगाबाइटच्या आत घुटमळणार. डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर उचलायचा, त्यात कोडला जागा ४४६ बाइट, बाकी पार्टिशनचा तक्ता आणि शेवटी सही म्हणून दोन बाइट. त्या तक्त्यामुळे साधारण दोन टेराबाइटच्या पुढची डिस्क दिसायचीच नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर इंटेल आणि एचपी इटॅनियम बनवत होते. त्या प्रोसेसरला हे जुनं लोढणं नकोच होतं, म्हणून इंटेलने नवी रचना आखली. आधी नाव इंटेल बूट इनिशिएटिव्ह, नंतर ईएफआय. इटॅनियम बाजारात आपटला, ईएफआय टिकलं. एकट्या इंटेलच्या कागदावर एएमडी किंवा इतर कोणी का चालावं, हा प्रश्न होताच. म्हणून २००५ मध्ये इंटेलने १.१० ही आवृत्ती एका सामाईक संघटनेच्या हवाली केली. तीच यूईएफआय फोरम. सरकारी नाही, नफ्यासाठी नाही, कंपन्यांची आघाडी आहे. संचालक मंडळावर प्रोसेसरवाले (इंटेल, एएमडी, पुढे आर्म), फर्मवेअर विकणारे (अमेरिकन मेगाट्रेंड्स, इनसाइड, फीनिक्स), मशीन बनवणारे (डेल, एचपी, लेनोव्हो, ॲपल) आणि मायक्रोसॉफ्ट. २००६ च्या जानेवारीत २.० आलं, २०२२ मध्ये २.१०, २०२४ च्या डिसेंबरात २.११. दोन हजारांहून जास्त पानांचा दस्तऐवज आहे आणि कोणीही फुकट उतरवून वाचू शकतो. २०१३ पासून एसीपीआय, म्हणजे वीज, झोप, बॅटरी, पंखे यांची माहिती ऑपरेटिंग सिस्टमला देणारं मानकही याच फोरमकडे आलं.

माझं म्हणणं इतकंच: कागद लिहिणारे, कागदाप्रमाणे बोर्डवर कोड घालणारे, आणि कोणाची डिजिटल सही असलेली सिस्टम सुरू होऊ द्यायची ते ठरवणारे हे तीन वेगळे लोक आहेत. आपण तिघांच्या नावाने एकाच ठिकाणी शिमगा करतो.

कोथरूडची_मैना

छान लिहिलंय. म्हणजे लॅपटॉप चालू करताना कंपनीचा लोगो दिसतो तेव्हा हे सगळं चाललेलं असतं? मला वाटायचं विंडोजच लोड होतंय.

खराडीकर

मैनाताई, हो. तेवढ्या वेळात बरंच उरकतं. मी खराडीत याच कामात आहे (कंपनीचं नाव विचारू नका), त्यामुळे थोडी भर घालतो.

फोरमचे मुख्य कागद दोन. एक यूईएफआय स्पेसिफिकेशन: फर्मवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टम यांच्यातला करार. दुसरा पीआय, म्हणजे प्लॅटफॉर्म इनिशियलायझेशन: फर्मवेअरच्या पोटात काय क्रमाने घडावं. पॉवर दिल्यावर पहिला टप्पा सेक. तेव्हा रॅम जागीच झालेली नसते, म्हणून प्रोसेसरच्या कॅशलाच तात्पुरती मेमरी म्हणून वापरतात. मग पेई, त्यात रॅम सुरू होते. मग डीएक्सई, त्यात ड्रायव्हर भराभर लोड होतात. शेवटी बीडीएस, म्हणजे कुठून बूट करायचं त्याची निवड. लोगो आणि सेटअपचा निळा-काळा पडदा साधारण शेवटच्या दोन टप्प्यांत दिसतो.

कोड मात्र फोरम देत नाही. इंटेलने खुला केलेला कोड टियानोकोअर या प्रकल्पात आहे, त्याला ईडीके-२ म्हणतात. फर्मवेअर कंपन्या त्यावर आपले थर चढवतात, मशीनवाला त्यावर आणखी. तुमच्या बोर्डपर्यंत येईतो त्याच कोडची तीन हातांनी डागडुजी झालेली असते. २०२४ च्या जानेवारीत ईडीके-२ च्या नेटवर्कच्या भागात पिक्सीफेल नावाच्या त्रुटी जाहीर झाल्या तेव्हा म्हणूनच एका कंपनीने दुरुस्त करून भागलं नाही. प्रत्येकाला आपापली प्रत दुरुस्त करायची होती.

आणि फोरमची चाचणी सक्तीची नाही. तिचं नावच सेल्फ सर्टिफिकेशन टेस्ट. मुलांनी आपापले पेपर तपासायचे! शिवाय प्लगफेस्ट भरतात, तिथे कंपन्या आपली मशीनं आणि कार्डं घेऊन येतात आणि एकमेकांच्या मालाशी जुळतंय का ते बघतात. बऱ्याच भानगडी तिथेच सापडतात, पण "नापास, विकू नका" असं सांगायचा अधिकार कोणालाच नाही.

एक मासला देतो. बूट नोंदीला (कुठली सिस्टम सुरू करायची त्याची फर्मवेअरमधली नोंद) काय नाव द्यायचं ते स्पेसिफिकेशनने मोकळं ठेवलंय, ते फक्त माणसाने वाचायचं असतं. २०१२ मध्ये मॅथ्यू गॅरेट या लिनक्सच्या डेव्हलपरने दाखवलं की एका मोठ्या कंपनीच्या डेस्कटॉपचं फर्मवेअर ते नावच तपासत होतं. "विंडोज बूट मॅनेजर" किंवा "रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स" असेल तरच पुढे जायचं. फेडोरा (हेही लिनक्सच) टाकलं की अडलं. कागदात असलं काही नाही. कोणीतरी दोनच सिस्टमवर चाचणी घेतली आणि तेवढंच कोडमध्ये कोंबलं.

बोर्ड_डेड_दादा

तापकीर गल्लीच्या मागे माझं रिपेअरिंगचं दुकान. खराडीकर साहेब बोलले ते शंभर टक्के. आमच्याकडे येणाऱ्या "डेड" बोर्डांपैकी बऱ्याच बोर्डांत हार्डवेअर चांगलं असतं, बायोसच्या आयसीतला डेटा गेलेला असतो. कारण? घरी बसून अपडेट मारायला घेतला आणि गुरुवारी, म्हणजे पुण्यात दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायच्या दिवशी, लाइट गेली. पुण्यात राहून गुरुवारी डेस्कटॉपचा बायोस अपडेट करणाऱ्याला मी हात जोडतो.

आठ पायांची आयसी असते, त्यावर क्लिप लावायची, प्रोग्रामरने आधी आहे तो डेटा वाचून ठेवायचा, मग चांगली फाइल राइट करायची. जुना डेटा वाचल्याशिवाय नवीन मारू नका, त्यात मशीनचा सीरियल नंबर आणि नेटवर्कचा मॅक ॲड्रेस असतो. यूट्यूब बघून कोणाची पण फाइल मारतात आणि मग दोन मशीनला एकच मॅक.

लोक अजून बायोसच म्हणतात, मी पण म्हणतो. गिऱ्हाइकाला यूईएफआय म्हटलं की त्याला वाटतं बिल वाढणार.

शंकासुर

इतिहास झाला, आता मूळ मुद्द्यावर या. निवांतराव, तुम्ही "कागद लिहिणारे वेगळे, सही ठरवणारे वेगळे" म्हणून मोकळे झालात. यूईएफआय २.३.१ मध्ये सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही नसलेली सिस्टम सुरूच होऊ न देण्याची सोय, आलं २०११ साली. तेव्हा मंडळावर मायक्रोसॉफ्ट होतीच. २०१२ ला विंडोज ८ आलं आणि त्याचं स्टिकर हवं तर सिक्युअर बूट चालू ठेवूनच मशीन विका, अशी अट. त्यासाठी किल्ली कोणाची? मायक्रोसॉफ्टची. मग लिनक्सवाल्यांना त्यांच्याच दारात जाऊन सही मागावी लागली. आर्मवरच्या विंडोज ८ मशीनवर तर ते बंद करायची सोयच ठेवायची नाही, असा नियम होता. स्पेनमधल्या लिनक्स वापरकर्त्यांची संघटना २०१३ मध्ये युरोपियन आयोगाकडे तक्रार घेऊन गेली ती उगाच नाही.

कागद निष्पाप आणि माणसं लबाड, हे आपल्याकडे प्रत्येक कायद्याबद्दल म्हणतात.

निवांत_सदाशिव

शंकासुरजी, तुमची एकही तारीख चूक नाही. पण याच अटीत दुसरी बाजूही होती: इंटेल-एएमडीच्या पीसीवर वापरणाऱ्याला सिक्युअर बूट बंद करता आलं पाहिजे आणि स्वतःच्या किल्ल्या भरता आल्या पाहिजेत. ती अट विंडोज ८ च्या वेळी सक्तीची होती. विंडोज १० पासून बंद करायची सोय ठेवायची की नाही ते मशीन बनवणाऱ्यावर सोडलं. माझ्या मते खरी हार तिथे झाली आणि त्यावर फारसं कोणी ओरडलं नाही.

स्पेसिफिकेशनमध्ये मायक्रोसॉफ्टची किल्ली घाला असं एकही वाक्य नाही. किल्ल्यांचे कप्पे कसे असावेत एवढंच आहे. ते कप्पे कोणी भरायचे हे बाजाराने ठरवलं.

शंकासुर

बाजाराने म्हणजे मंडळावर बसलेल्यांनीच ना?

निवांत_सदाशिव

बव्हंशी हो. हे मान्य.

धनकवडी_मास्तर

कॉलेजात शिकवतो, म्हणून विचारतो. हे कप्प्यांचं प्रकरण खराडीकरांनी नीट मांडावं. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना सांगायचंय. ऑपरेटिंग सिस्टमच्या अभ्यासक्रमात अजून ५१२ बाइटचा बूट सेक्टरच शिकवतो आम्ही.

खराडीकर

सर, चार कप्पे. ते बोर्डवरच्या फ्लॅशमध्ये असतात.

पहिला पीके, प्लॅटफॉर्म की. ही एकच, आणि मशीन बनवणाऱ्या कंपनीची. दुसरा केईके, यात साधारणपणे मायक्रोसॉफ्टची आणि कधी मशीनवाल्याचीही. तिसरा डीबी, म्हणजे ज्यांची सही चालेल त्यांची यादी. चौथा डीबीएक्स, म्हणजे ज्यांना आता आत घ्यायचं नाही त्यांची. डीबी किंवा डीबीएक्समध्ये बदल करायचा तर केईकेची सही लागते. केईके बदलायचा तर पीकेची. ही साखळी ध्यानात ठेवा, शाळेच्या पीसींचं गाडं इथेच अडणार आहे.

लिनक्स कसं सुरू होतं? फेडोरा, उबंटू वगैरे लिनक्सची वितरणं शिम नावाचा छोटा बूटलोडर (सिस्टम सुरू करून देणारा प्रोग्राम) वापरतात. त्याच्या कोडची आधी लिनक्सकडच्या लोकांनी उघड तपासणी करायची, मग मायक्रोसॉफ्ट आपल्या थर्ड पार्टी (इतरांच्या सॉफ्टवेअरसाठीच्या) प्रमाणपत्राने सही करते. शिमच्या पोटात त्या वितरणाची स्वतःची किल्ली असते, तिने ग्रब (लिनक्सचा मुख्य बूटलोडर) आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) तपासले जातात. म्हणजे मायक्रोसॉफ्ट प्रत्येक कर्नलवर सही करत बसत नाही.

आता तारखा. डीबी आणि केईकेमधली मायक्रोसॉफ्टची जुनी प्रमाणपत्रं, म्हणजे याच किल्ल्या, २०११ ची आहेत. केईकेचं आणि थर्ड पार्टीचं, दोन्हींची मुदत जून २०२६ ची. विंडोजच्या स्वतःच्या बूटलोडरसाठीचं ऑक्टोबर २०२६ चं. नवी २०२३ ची तयार आहेत. यावरून व्हॉट्सॲपवर "जून २०२६ नंतर जुने पीसी बंद" असं फिरतंय ते खोटं. बूट करताना फर्मवेअर सहसा मुदतीची तारीख बघतच नाही. ज्यावर जुनी सही आहे ते पुढेही सुरू होत राहील. अडचण नव्या गोष्टींची: यापुढचं शिम फक्त २०२३ च्या किल्लीने सही केलेलं आलं आणि तुमच्या डीबीत ती किल्ली नसली, तर नवं इन्स्टॉलर चालणार नाही. आणि नवा केईके नसला तर डीबीएक्सचे नवे बदलही घेता येणार नाहीत.

कोथरूडची_मैना

माझ्या लॅपटॉपचं काय करू? विंडोज ११ आहे.

खराडीकर

अपडेट चालू ठेवा, बाकी काही नको. आणि बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) रिकव्हरी की कुठे सेव्ह आहे ते आजच बघा. फर्मवेअरच्या किल्ल्या बदलल्या की कधी कधी तो ती मागतो.

बोर्ड_डेड_दादा

ताई, हे खरंच करा. महिन्याला एक तरी गिऱ्हाईक त्या निळ्या स्क्रीनचा फोटो घेऊन येतं आणि आम्ही काहीच करू शकत नाही.

शंकासुर

बरं, एवढं सगळं करून सुरक्षा तरी मिळाली का? २०१८ ला लोजॅक्स हा मालवेअर सापडला, फर्मवेअरमध्ये घुसलेला. २०२० ला बूटहोल, म्हणजे सही असलेल्या ग्रबमध्येच भोक. २०२३ ला ब्लॅकलोटस, सिक्युअर बूट चालू असलेल्या विंडोज ११ वरही चालणारा मालवेअर. त्याच वर्षी लोगोफेल: चालू होताना दिसणारं ते चित्र वाचणाऱ्या कोडमध्येच त्रुटी. आणि माझी लाडकी पीकेफेल, २०२४. शेकडो मॉडेलमध्ये पीके म्हणून नमुन्याची किल्ली तशीच राहिली होती, जिच्या नावातच "डू नॉट ट्रस्ट" लिहिलेलं! तिचा खाजगी अर्धा भाग इंटरनेटवर उघडा पडला होता.

निवांत_सदाशिव

पीकेफेल तर माझ्याच बाजूचा पुरावा झाला की! नमुन्याची किल्ली आहे, विश्वास ठेवू नका, असं लिहून दिलेलं. तरी मशीनवाल्यांनी तीच भरून माल बाजारात पाठवला आणि वर्षानुवर्षं कोणी पाहिलं नाही.

खराडीकर

दोघांच्या मध्ये पडतो. तीन पिनच्या सॉकेटचं मानक पिनांची जाडी आणि अंतर सांगतं, भिंतीतल्या वायरिंगची हमी देत नाही. यूईएफआय तसंच. पण शंकासुरांचा राग एका बाबतीत रास्त आहे. याच कंपन्या मानक लिहितात, याच अंमलात आणतात, आणि चाचणी ऐच्छिक ठेवायचं यांनीच ठरवलंय. बाहेरून बघणारा कोणी नाही. वरची बरीचशी प्रकरणं बायनरली, इसेट असल्या बाहेरच्या संशोधकांनी काढली.

आणि डीबीएक्स फुकटात मिळत नाही. ती यादी बोर्डवरच्या थोड्याशा जागेत राहते. बूटहोलच्या वेळी इतक्या फायली नाकारायच्या होत्या की जागेची चिंता पडली, म्हणून लिनक्सवाल्यांनी सबॅट ही पिढीक्रमांकाची पद्धत काढली: अमुक पिढीच्या खालचं सगळं बाद. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या अपडेटने तीच लागू केली आणि ड्युअल बूटवाल्या (एकाच पीसीवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्या) कित्येकांचं लिनक्स सुरू होईना.

टेकडीवरचा

+१ खराडीकर. अवांतर: ॲपल मंडळावर आहे, पण स्वतःच्या एम मालिकेच्या मॅकमध्ये यूईएफआय वापरतच नाही. क्रोमबुकमध्ये कोअरबूट हे वेगळं खुलं फर्मवेअर असतं. म्हणजे याशिवायही जग चालतं.

खराडीकर

चालतं, जिथे फर्मवेअर, मशीन आणि सिस्टम एकाच मालकाची असते तिथे. निवांतरावांच्या ढिगातल्या कुठल्याही पीसीवर कुठलंही लिनक्स एकाच पेन ड्राइव्हवरून चढतं, ते या करारामुळे. हाच ढीग जुन्या आर्म बोर्डांचा असता तर प्रत्येकाची वेगळी इमेज शोधत बसले असते. म्हणून तर आर्म पुढे फोरममध्ये आली, आणि रिस्क-फाइव्ह या खुल्या रचनेच्या प्रोसेसरची सोयही स्पेसिफिकेशनमध्ये आहे.

धनकवडी_मास्तर

मुलांना मशीन न बिघडवता हे करून बघायचं असेल तर?

खराडीकर

क्यूएमू (कॉम्प्युटरच्या आत नकली कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम) वापरा सर. ईडीके-२ चं ओव्हीएमएफ नावाचं फर्मवेअर त्यात चालतं. स्वतःची पीके बनवा, भरा, सही नसलेला कर्नल अडतो का बघा, पुसून टाका. काही जळत नाही, गुरुवारी पण चालतं.

निवांत_सदाशिव

आता शाळांच्या लॉटबद्दल. बहुतेक मॉडेलना मशीनवाल्याने फर्मवेअर अपडेट देणं केव्हाच बंद केलंय. यांच्यात फक्त २०११ च्या किल्ल्या. करावं काय?

खराडीकर

साखळी आठवा. नवा केईके भरायला पीकेची सही लागते, म्हणजे मशीनवाल्याची. मायक्रोसॉफ्टने बऱ्याच कंपन्यांकडून तशा सह्या गोळा केल्यात, पण तुमचं मॉडेल त्यात असेलच असं नाही. डीबीचं मात्र तसं नाही. २०२३ ची प्रमाणपत्रं डीबीत घालणारी फाइल जुन्या केईकेच्या सहीने आलेली आहे, म्हणून मशीनवाला मेला तरी ती घेता येते. लिनक्सवर फर्मवेअर अपडेट करणाऱ्या एफडब्ल्यूअपडी या प्रोग्रामच्या नव्या आवृत्त्या हे करतात.

क्रम असा ठेवा. आधी फॅक्टरी किल्ल्या रिस्टोअर करून घ्या, काही बोर्डांत किल्ल्यांची जागा भरून अपडेट अडतं. मग लिनक्स, मग एफडब्ल्यूअपडीने डीबी, मग डीबीएक्स. डीबीएक्सआधी शिम आणि ग्रब ताजे केलेले हवेत, नाहीतर आपलंच शिम यादीत निघायचं.

जिथे हे होत नाही तिथे सिक्युअर बूट सरळ बंद करा. शाळेतल्या पीसीवर बँकेचे व्यवहार नाहीत. सेटअपला पासवर्ड घाला म्हणजे झालं.

बोर्ड_डेड_दादा

पासवर्ड घालाल तर मुख्याध्यापकांकडे लिहून ठेवा. नंतर तेच बोर्ड माझ्याकडे येतात. आणि साहेब, एवढे जुने पीसी आहेत तर आधी सगळ्यांचे सीमॉस सेल बदला. सेल उतरला की तारीख मागे जाते, मग वेबसाइट उघडत नाहीत आणि लोक लिनक्सला शिव्या देतात.

निवांत_सदाशिव

सेल बदलतोच दादा. एक अडलंय: लॉटमधल्या काही छोट्या मशीनवर ६४ बिटचा पेन ड्राइव्ह दिसतच नाही. प्रोसेसर ६४ बिटचा आहे, तपासलं.

खराडीकर

अणू मालिकेतले असणार, म्हणजे ॲटम. त्या काळच्या काहींत प्रोसेसर ६४ बिटचा आणि फर्मवेअर ३२ बिटचं असायचं. पेन ड्राइव्हच्या ईएफआय, बूट या फोल्डरमध्ये बूटएक्स६४ सोबत बूटआयए३२ नावाची फाइल आहे का बघा. नसेल तर डेबियनचं इन्स्टॉलर घ्या, त्यात दोन्ही असतात. सिक्युअर बूट मात्र त्यांच्यावर आधी बंद करून बघा.

निवांत_सदाशिव

डेबियन उतरवायला लावलंय. उद्या दुपारी बघतो आणि इथेच कळवतो. उद्या शुक्रवार आहे, दादा.